दंतोद्भेद आणि घरगुती उपचार : सहाणेपासून बाळगोळीपर्यंत

तान्ह्या मुलास दात येऊ लागले म्हणजे घरात जी धांदल उडते तिची नोंद इतिहासाच्या रूढ साधनांत सहसा मिळत नाही. बखरकारांस तिचे महत्त्व वाटण्याचे कारण नव्हते आणि दप्तरात तिला जागा नव्हती. जे ज्ञान आजीकडून आईकडे व आईकडून सुनेकडे जाते त्याला कागदाची गरज भासत नाही. तथापि हा विषय साधनांच्या अभावी सोडून द्यावा इतका अंधारातला नाही. धर्मशास्त्रातील अशौचप्रकरणे, वैद्यकातील बालतंत्र, औषधी व्यापाराचा इतिहास आणि विसाव्या शतकातील कामगार खात्याचे अहवाल अशा परस्परांपासून दूर असलेल्या ठिकाणी त्याचे धागे विखुरलेले आहेत. ते एकत्र केले असता जो प्रश्न पुढे येतो तो हिरडीचा कमी आणि घराच्या अर्थव्यवस्थेचा अधिक आहे. रडणारे मूल शांत करावयाचे म्हणजे काय करावयाचे, ते कोणाच्या सोयीसाठी करावयाचे आणि त्याची किंमत कोणी द्यावयाची, असे त्या प्रश्नाचे स्वरूप आहे.

प्रारंभ धर्मशास्त्रापासून करणे योग्य ठरेल. कारण दात हा केवळ शरीराचा अवयव नसून सामाजिक अस्तित्वाची एक सीमा आहे, ही कल्पना तेथे स्पष्ट दिसते. याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायात मृत बालकाच्या अशौचाची मर्यादा दातांवरून ठरविली आहे. दात येण्यापूर्वी मूल गेले तर शुद्धी तत्काळ होते. दात आल्यानंतर, परंतु चौलापूर्वी गेले तर एका रात्रीचे अशौच सांगितले आहे. मनुस्मृतीतही दात आलेले आणि न आलेले असा भेद केलेला असून दोन वर्षांच्या आतील मुलास दहन न करता पुरावे असा विधी आहे. ही केवळ भारतीय चमत्कारिकता नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनीने आपल्या निसर्गेतिहासात नमूद केले आहे की, दात आलेले नाहीत अशा मानवास दहन करण्याची रीत कोणत्याही लोकांत नाही. दोन भिन्न समाजांनी एकाच ठिकाणी रेषा ओढावी याचे कारण उघड आहे. ज्या काळी बालकांपैकी मोठा भाग पहिल्या वर्षातच दगावत असे त्या काळी दात हा मूल जगण्याच्या वाटेला लागल्याचा पहिला दृश्य पुरावा होता. तो दिसेपर्यंत शोकालाही हात आखडता घ्यावा लागे.

सीमा जेथे असते तेथे भयही असते. दातांसह जन्मलेले मूल किंवा वरचे दात आधी आलेले मूल अशुभ मानून त्याची शांती करण्याचे विधी धर्मशास्त्रीय निबंधग्रंथांत येतात. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या धर्मसिंधूतही या शांतीस स्थान आहे. महाराष्ट्रात हीच समजूत, वरचे दात आधी आले तर मामाला वाईट, या रूपाने घरोघर टिकली. शास्त्रग्रंथातील मोघम अरिष्ट लोकव्यवहारात नेमके मामाच्याच डोक्यावर का येऊन बसले, हा प्रश्न नातेसंबंधांच्या अभ्यासकांनी हाती घेण्याजोगा आहे. या निबंधाच्या कक्षेत तो येत नाही.

वैद्यकात दंतोद्भेदाचा स्वतंत्र विचार काश्यपसंहितेत आढळतो. कौमारभृत्यावरील हा ग्रंथ शतकानुशतके केवळ नावाने ठाऊक होता. नेपाळात मिळालेल्या खंडित ताडपत्री पोथीवरून १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने तो छापला. नेपाळचे राजगुरू हेमराज शर्मा यांचा विस्तृत उपोद्घात त्यास जोडलेला आहे आणि वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांचा त्या प्रकाशनात मोठा वाटा होता. त्यातील 'दंतजन्मिक' नावाच्या अध्यायात दातांची संख्या, प्रकार, येण्याचा काळ व लक्षणे सांगितली आहेत. जन्मानंतर जितक्या महिन्यांनी दात हिरडीत रुजतात तितक्याच दिवसांत ते बाहेर पडतात, असा एक विलक्षण नियम तेथे आहे. चौथ्या महिन्यात आलेले दात दुर्बळ, लवकर झिजणारे व रोगांनी ग्रस्त होणारे; आठव्या महिन्यात आलेले सर्वगुणसंपन्न. मुलींचे दात लवकर व कमी त्रासाने येतात, कारण ते अधिक सच्छिद्र असतात आणि हिरड्या मऊ असतात. मुलांचे उशिरा व अधिक त्रासाने येतात, कारण ते घन असतात, असेही कारणासह सांगितले आहे. बत्तीस दातांपैकी आठ एकदाच जन्मतात व बाकीचे द्विज होत, ही त्यातील गणना प्रत्यक्षाशी जुळत नाही. दुधाचे दात वीस असल्यामुळे दोनदा येणाऱ्या दातांच्या जागाही वीसच भरतात. तरीही कोणीतरी मुलांची तोंडे उघडून पाहिली आहेत आणि जे पाहिले ते सिद्धांतात बसविण्याची खटपट केली आहे, हे या अध्यायावरून निःसंशय दिसते.

महाराष्ट्रातील वैद्यपरंपरेवर मात्र काश्यपापेक्षा वाग्भटाचा प्रभाव कितीतरी अधिक होता. अष्टांगहृदय हा येथील वैद्यांचा नित्य पाठाचा ग्रंथ. १८८० साली अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी तो मुंबईत संपादून छापला आणि पुढे गणेश कृष्ण गर्दे यांच्या 'सार्थ वाग्भट' या भाषांतराने तो मराठी गृहस्थाच्या कपाटात जाऊन बसला. त्याच्या उत्तरस्थानातील दुसऱ्या अध्यायात दंतोद्भेद हा सर्वच रोगांचे कारण म्हटला आहे. ज्वर, जुलाब, खोकला, वांती, डोकेदुखी, डोळे येणे व विसर्प यांचा त्यात विशेष उल्लेख आहे. पाठ मोडलेले मांजर, तुरा फुटणारा मोर आणि दात येणारे मूल यांच्या शरीराचा दुखत नाही असा एकही भाग नसतो, अशी दृष्टांतमालिका तेथे येते. ही उपमा ज्याने प्रथम योजली त्याने अनेक रात्री जागून काढल्या असल्या पाहिजेत.

परंतु वाग्भटाचे खरे वैशिष्ट्य याच्या पुढे आहे. पिंपळीचे चूर्ण मधात खलून किंवा धायटीची फुले व आवळा यांचे चूर्ण घेऊन हिरडीवर हलके चोळावे, दोषानुसार चिकित्सा करावी, इतके सांगून झाल्यावर तो बजावतो की, दातांमुळे होणाऱ्या रोगांत बालकास पथ्यापाण्याच्या फार जाचात ठेवू नये. कारण दात आले म्हणजे हे विकार आपोआप शमतात. एकाच अध्यायात दंतोद्भेदाला सर्व रोगांचे मूळ म्हणावयाचे आणि त्याच्यावर फारसे काही करू नका असेही सांगावयाचे, यात विसंगती आहे असे प्रथमदर्शनी वाटते. पण चिकित्सकाच्या दृष्टीने हीच भूमिका सुज्ञपणाची होती. निदान चुकीचे असले तरी उपचार सौम्य असल्याने अपाय होत नसे. पुढील सहस्रकात जगभर जे घडले ते पाहता या संयमाचे मोल ध्यानात येते.

मराठी घरात या शास्त्राचे जे रूप झाले ते म्हणजे बाळगुटी. तिच्यातील द्रव्यांची यादी प्रांताप्रांतांत, किंबहुना घराघरांत, बदलते. परंतु हिरडा, वेखंड, हळकुंड, सुंठ, जायफळ, मायफळ, मुरुडशेंग, अतिविष, काकडशिंगी, नागरमोथा, ज्येष्ठमध, वावडिंग, सागरगोटा, खारीक व बदाम ही नावे पुनःपुन्हा येतात. यांतील अतिविष, काकडशिंगी व नागरमोथा ही तीन पिंपळीसह घेतली की वैद्यकातील 'बालचतुर्भद्र' हे चूर्ण होते. ज्वर, अतिसार, खोकला व वांती यांवर ते मधातून देण्याचा प्रघात होता. म्हणजे वाग्भटाने दंतोद्भेदाचे म्हणून सांगितलेले मुख्य उपद्रव आणि या चूर्णाची कार्ये जवळजवळ एकच आहेत. ग्रंथातील योग घराच्या डबीत येऊन पडला, मात्र त्याचे नाव व श्लोक वाटेत गळून गेले.

गुटीत द्रव्यांपेक्षाही महत्त्वाचे असते ते तिचे माप. सहाणेवर आईचे दूध किंवा उकळलेले पाणी घेऊन प्रत्येक मुळी ठरावीक वेढे उगाळावयाची. महिन्याच्या मुलास एक वेढा, मूल वाढेल तसे वेढे वाढवावयाचे. जुलाब होत असतील तर मुरुडशेंग व मायफळ जास्त, बद्धकोष्ठ असेल तर बाळहिरडा जास्त, झोप लागत नसेल तर जायफळाचा एखादा वेढा. जायफळाने गुंगी येते हे बायकांस पक्के ठाऊक होते आणि म्हणूनच त्याला हात जपून लावला जाई. दात येण्याच्या दिवसांत काही घरी डिकेमालीची भर पडे. औषधाची मात्रा ग्रॅममध्ये न मोजता मनगटाच्या फेऱ्यांत मोजण्याची ही पद्धत स्थूल खरी. पण तिच्यात एक संरक्षण अंगभूत होते. सहाणेवर एका वेढ्याने उतरणारे द्रव्य इतके अल्प असते की फार मोठी चूक करणेही कठीण. शिवाय गुटी देणारी स्त्री रोज मुलाकडे पाहून प्रमाण ठरवी. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या 'आर्यभिषक्'सारख्या ग्रंथांनी घरगुती औषधांचे ज्ञान छापील स्वरूपात आणले खरे. परंतु पुस्तकाला मुलाचा चेहरा दिसत नाही.

याखेरीज हिरड्या शिवशिवू लागल्या की हातात खारीक किंवा ज्येष्ठमधाची कांडी देणे, लाखेने रंगविलेला लाकडी खुळखुळा वा चांदीचे वाळे चघळावयास देणे, गळ्याशी लाळेरे बांधणे आणि भीती व दृष्ट यांच्या निवारणार्थ गळ्यात वाघनख घालणे हे प्रकार सर्वत्र होते. वाघनखाच्या संदर्भात प्लिनीची पुन्हा आठवण होते. त्याने मुलाच्या गळ्यात लांडग्याचा दात आणि घोड्याचे प्रथम पडलेले दात बांधण्याचा उल्लेख केला आहे. सशाचा मेंदू हिरडीस चोळण्याचा रोमन उपचार मात्र येथील घरांत खपला नसता.

घरगुती उपचार सर्वच निरुपद्रवी होते असे म्हणणे मात्र वस्तुस्थितीस सोडून होईल. टाकणखाराची लाही मधात कालवून हिरडीस व जिभेस लावण्याची पद्धत महाराष्ट्रात रूढ होती. विशेष असे की, हाच योग ब्रिटिश औषधकोशातही 'बोरॅक्सचा मध' म्हणून समाविष्ट होता. तेथे चोखणी त्यात बुडवून मुलाच्या तोंडात देत. १९८३ साली ब्रिटनमध्ये ओसुलिव्हन व टेलर यांनी अशा चोखणीमुळे झटके येऊ लागलेल्या सात अर्भकांची हकिकत प्रसिद्ध केली. चोखणी बंद करताच झटके थांबले. मधाविषयीही १९७६ नंतर दृष्टी पालटली, कारण एका वर्षाच्या आतील मुलांस मधातील जिवाणूंमुळे होणारी बॉट्युलिझम ही विषबाधा त्या सुमारास ओळखली गेली. देशी व विलायती या भेदावर येथे काहीच अवलंबून नव्हते. एकच मिश्रण दोन्ही समाजांत सारख्याच विश्वासाने दिले जात होते. गुटी सहाण सोडून बाटलीत व पुडीत गेली तेव्हा धोक्याचे स्वरूप आणखी बदलले. २००४ साली अमेरिकन वैद्यक परिषदेच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांत विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय औषधांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा अर्सेनिक आढळले. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने हा निष्कर्ष उपेक्षणीय नाही. सहाणेवर काय उगाळले जात आहे हे आईला दिसत असे. पुडीत काय आहे हे दिसत नाही.

युरोपात याच काळात जे चालले होते ते पाहिले म्हणजे वाग्भटाची सौम्यता अधिकच उठून दिसते. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतील सूत्रांनी ज्वर, झटके व अतिसार यांचा संबंध दातांशी, विशेषतः सुळ्यांशी, जोडून ठेवला होता. सोळाव्या शतकात फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्र्वाज पारे याने एका मृत बालकाची हिरडी कापून पाहिली असता आत दात तयार असल्याचे त्यास दिसले. मग जिवंतपणीच हिरडी कापली असती तर मूल वाचले असते, असा निष्कर्ष त्याने काढला. दात तयार होते ही गोष्ट खरी. त्यांच्यामुळे मरण आले ही गोष्ट कशी सिद्ध झाली, हा प्रश्न कोणी विचारला नाही. त्यापुढील तीनशे वर्षे हिरडीला चीर देणे हा प्रतिष्ठित उपचार ठरला. जॉन हंटरसारख्या थोर शस्त्रवैद्याने तो एकाच जागी दहाहून अधिक वेळा केल्याचे सांगितले आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १८३९ साली ५,०१६ मृत्यूंचे कारण 'दात येणे' असे नोंदले गेले. मृत्युनोंदीत एखादे कारण छापून आले की त्याला वास्तवाचा दर्जा मिळतो, हे या आकड्यावरून दिसते.

शस्त्राच्या जोडीला पारा आला. कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचे क्लोराइड असलेल्या दातांच्या पुड्या एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत ब्रिटन व ऑस्ट्रेलियात घरोघर दिल्या जात. हातपाय गुलाबी होऊन सोलवटणे, अतोनात घाम, उजेड सहन न होणे व सततची किरकिर अशी लक्षणे असलेला एक गूढ बालरोग तेथे पसरला होता. १९४८ साली सिनसिनाटीच्या वार्कनी व हबर्ड यांनी अशा मुलांच्या लघवीत पारा सापडल्याचे दाखविले. १९५४ च्या सुमारास ब्रिटनमधील बहुतेक पुड्यांतून पारा काढून टाकण्यात आला आणि त्या रोगाची घटना झपाट्याने ओसरली. दातांमुळे मूल किरकिर करते म्हणून पुडी द्यावयाची, पुडीमुळे ते अधिक किरकिर करू लागले की ती दातांचीच किरकिर समजून आणखी पुडी द्यावयाची, असे हे चक्र होते.

वस्तुतः दंतोद्भेदावर इतके रोग लादले जाण्याचे मूळ कालसंयोगात होते. सहाव्या महिन्याच्या आसपास पहिला दात येतो; त्याच सुमारास आईकडून मिळालेली रोगप्रतिकारक द्रव्ये मुलाच्या रक्तातून कमी होत जातात, उष्टावण होऊन अंगावरील दुधाखेरीज इतर अन्नपाणी सुरू होते आणि मूल रांगत हाती येईल ती वस्तू तोंडात घालू लागते. जुलाब येतात ते पाण्यातून व बोटांतून. दोष दातांवर जातो. २००० साली मेलबर्न येथे २१ मुलांच्या ९० दातांचे दैनंदिन निरीक्षण झाले, त्यात ताप, जुलाब इत्यादी लक्षणांशी दात फुटण्याचा अर्थपूर्ण संबंध आढळला नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात हिरडीची आग, चिडचिड व लाळ गळणे एवढीच लक्षणे प्राधान्याने दिसली. शरीराचे तापमान किंचित वाढते, पण त्याला ताप म्हणता येत नाही. दातांचे जुलाब म्हणून ज्या मुलास वेळेवर पाणी व उपचार मिळाले नाहीत, त्याच्या बाबतीत हा शब्दप्रयोगच घातक ठरला असे म्हणावे लागते.

येथपर्यंतचा इतिहास चुकीच्या निदानाचा आहे. अफूचा इतिहास तसा नाही. अफू देणाऱ्याला ती कशासाठी दिली जाते हे नेमके ठाऊक असे. अफूने वेदना थांबते, रडणे थांबते, खोकला थांबतो आणि जुलाबही थांबतात. दंतोद्भेदाच्या नावावर जमा असलेली बहुतेक सर्व लक्षणे ती एकाच वेळी झाकून टाकते. म्हणून ती गुणकारी वाटली यात नवल नाही. तिचा अपायही त्याच गुणांतून निघतो. भूक मंदावते, मूल दूध मागत नाही, मागत नाही म्हणून मिळत नाही. शरीर वाळत जाते, आतडे निपचित पडते आणि मात्रा थोडी चुकली तर श्वासच थांबतो. सवय जडल्यावर तेवढ्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागते. गुटीत जायफळाच्या एका वेढ्याने जी थोडी गुंगी येई तिच्यात व या गाढ निद्रेत केवळ प्रमाणाचा भेद नव्हता.

पश्चिम भारतात मुलांना अफू देण्याची चाल कापडगिरण्यांपूर्वीचीही आहे. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जात असे आणि तिचा काही अंश वाटेतील प्रदेशांत मुरे. १८९३ ते १८९५ या काळात काम केलेल्या शाही अफू आयोगापुढे अर्भकांस अफू दिली जात असल्याच्या साक्षी झाल्या. परंतु एकंदर देशी वापर फारसा अपायकारक नाही असाच आयोगाचा कल राहिला. ज्या वस्तूवर सरकारचा महसूल अवलंबून होता तिच्याविषयी सरकारनियुक्त आयोगाचे मत असे पडावे, हे अनपेक्षित नव्हते.

मुंबईच्या गिरणगावात मात्र या चालीने वेगळे रूप धारण केले. सूत गुंडाळण्याच्या खात्यांत कोकण व देशावरून आलेल्या हजारो स्त्रिया काम करीत. १८९१ च्या कायद्याने त्यांच्या कामाचे तास अकरापर्यंत मर्यादित झाले होते. म्हणजे जाण्यायेण्याचा वेळ धरता बारा तासांहून अधिक काळ आई घराबाहेर. चाळीतील एका खोलीत मूल सांभाळावयास असे ती एखादी म्हातारी, नाहीतर सात-आठ वर्षांची थोरली बहीण. गावाकडील घरात जे काम सासू, जाऊ, नणंद आणि सहाण मिळून करीत ते काम येथे एका लहानशा गोळीकडे आले. तिला बाळगोळी म्हणत. नावात बाळ होते, गोळीत अफू. १९२२ साली मुंबई सरकारच्या कामगार खात्यासाठी गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी अशा स्त्रियांच्या ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते असे नमूद केले. हा आकडा काटेकोर शिरगणतीतून आला असे मानण्याचे कारण नाही. तो अनुभवी निरीक्षकाचा अंदाज समजावा. तरीही अपवाद जवळजवळ नव्हता, एवढा अर्थ त्यातून निःसंशय निघतो.

त्याच सुमाराची दुसरी संख्या अधिक प्रसिद्ध आहे. १९२१ साली मुंबईत नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे सुमारे ६६७ अर्भके वर्षाच्या आत मरण पावली. ही संख्या जशीच्या तशी घेता येत नाही, कारण पुष्कळ स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात व मूल घेऊन परत येत. जन्माची नोंद गावी, मृत्यूची शहरात. त्यामुळे प्रमाण फुगले. पण ही सूट देऊनही जे उरते ते भयानकच आहे, आणि एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत ते सर्वांत अधिक होते. यांपैकी किती मृत्यू अफूचे, किती दुधाच्या अभावाचे व किती घाण पाण्याचे, हा हिशेब कधीच लागणार नाही. अफूमुळे निपचित पडलेले मूल उपासाने मेले तर त्याची नोंद अशक्ततेत होई.

अडाणी आयांची दुष्ट चाल, अशा शब्दांत या प्रकाराची संभावना त्या काळी पुष्कळांनी केली. तिचा फोलपणा इंग्लंडचाच इतिहास दाखवितो. नॉटिंगहॅम व मँचेस्टर येथील कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रिया एकोणिसाव्या शतकात 'गॉडफ्रेज कॉर्डियल' या अफूयुक्त पेयाने आपली मुले निजवीत असत. एंगल्सने १८४५ मध्ये या प्रथेची नोंद केली आणि मार्क्सने १८६७ च्या 'भांडवल' ग्रंथात सरकारी आरोग्य अहवालांच्या आधारे तिचा विचार केला. अफूने सुकून गेलेली ती मुले पाहता हिंदुस्थान व चीन यांनी इंग्लंडवर सूड उगविला आहे, असा शेरा त्याने मारला. अमेरिकेत १८४९ पासून विकल्या जाणाऱ्या 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' या दातांच्या औषधात मॉर्फीन होते. १९०६ च्या कायद्याने बाटलीवर घटक छापणे बंधनकारक झाले तेव्हा कोठे आयांना ते कळले. लँकेशायर, न्यू इंग्लंड व परळ यांना जोडणारा धागा धर्माचा, वंशाचा किंवा शिक्षणाचा नव्हता. तो तासांचा होता. मूल ज्या वयात सर्वाधिक रडते त्याच वयात आईला दिवसभर यंत्रापाशी उभे राहावे लागे, ही स्थिती तिन्ही ठिकाणी समान होती. फरक इतकाच की, पाश्चात्त्य आईला बाटलीत काय आहे हे ठाऊक नव्हते आणि मुंबईच्या आईला गोळीत काय आहे हे ठाऊक होते. यावरून तिला अधिक दोषी ठरवावे की तिच्यापुढील पर्याय अधिक तुटपुंजे होते असे म्हणावे? तिच्या मजुरीवर घर चालत असे हे ध्यानात घेतले तर दुसरा पर्याय स्वीकारणेच न्याय्य दिसते.

उपाय कायद्यात शोधण्यात आला, पण तो दोन दिशांनी. एक दिशा अफूच्या नियंत्रणाची. १९३० मध्ये घातक औषधांचा कायदा झाला. १९३४ साली कलकत्त्याचे रामनाथ चोप्रा यांनी अर्भकांस अफू देण्याच्या चालीवर स्वतंत्र लेखन करून तिच्या वैद्यकीय परिणामांची चर्चा केली. दुसरी दिशा आईच्या वेळाची. मुंबई इलाख्यात १९२९ साली प्रसूतिसाहाय्याचा कायदा आला. १९२९ ते १९३१ या काळातील शाही कामगार आयोगापुढे पाळणाघरांचा प्रश्न चर्चिला गेला. १९३४ च्या कारखाना कायद्याने प्रांतिक सरकारांना पाळणाघरे सक्तीची करण्याचा अधिकार दिला आणि १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४८ व्या कलमाने पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केले. १९७६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा तीसवर आली. ज्या थोड्या गिरण्यांनी सक्तीपूर्वीच पाळणाघरे काढली होती तेथेही प्रारंभी बऱ्याच आया मुले आणीत नसत. जागा दूर, गर्दीतून मूल आणण्याची अडचण, परजातीच्या बाईच्या हाती मूल सोपविण्याचा संकोच, आणि गोळी तर स्वस्त. पाळणाघरात मूल जागे राहते व रडते, ही गोष्ट अफूची सवय लागलेल्या मुलाच्या आईस प्रथम संकटच वाटली असेल; कारण सवय तुटताना मूल दातांच्या वेळेपेक्षाही अधिक रडते.

या कायद्यांचा दुसरा परिणाम त्यांच्या कर्त्यांना अभिप्रेत नव्हता. स्त्री-कामगारामागे प्रसूतिसाहाय्य व पाळणाघर यांचा खर्च येऊ लागला. तशातच यंत्रसुधारणा व रात्रपाळी यांमुळे सूत गुंडाळण्याच्या खात्यांतील जुनी कामे कमी होत गेली. १९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे सुमारे एक स्त्री असे. पुढील अर्धशतकात हे प्रमाण शेकडा चार-पाचांच्या आसपास उतरले. पाळणाघर कायद्याच्या पुस्तकात पक्के झाले तोपर्यंत त्याच्या दारात मूल घेऊन येणाऱ्या स्त्रियांपैकी पुष्कळजणी गिरणीबाहेर पडल्या होत्या. त्या घरकामावर, भाजीच्या टोपल्यांवर आणि विड्या वळण्यावर गेल्या. तेथे ४८ वे कलम लागू नव्हते, आणि मूल झोळीत निजलेले असे.